जखमी हवा होता

आघाडीवरून मागे फिरायला एकच सबब चालायची, ती म्हणजे खांद्यावर जखमी शिपाई. म्हणून गोळीबार सुरू झाला की पाचावर धारण बसलेला एक शिपाई घाईघाईने जखमी शोधायचा, उचलायचा आणि मागे पळायचा. तुकडीत त्याला हमाल म्हणायचे.

त्या सकाळी रणगाडे समोर आले तरी अजून कोणाला खरचटलंही नव्हतं. हमालाने इकडेतिकडे पाहिलं, खंदकात शेजारी बसलेल्या आचाऱ्याच्या पोटरीत डोळे मिटून गोळी घातली आणि त्याला खांद्यावर टाकून धूम ठोकली.

दवाखान्यात साहेब स्वतः आले. "मित्रासाठी जिवावर उदार झालास," म्हणत त्यांनी हमालाच्या छातीवर पदक लावलं. तुकडीतलं दुसरं कोणीच परत आलं नव्हतं. बाकीच्या खाटांवरच्या चादरींची घडीही मोडली नव्हती.

साहेब गेल्यावर हमाल आचाऱ्याला म्हणाला, "शत्रूचा नेम वाईटच म्हणायचा. थोडक्यात वाचलास."



आचारी छताकडे बघत राहिला. "तुझा हात केवढा थरथरत होता! चुकेल म्हणून पाय मीच जवळ सरकवला."