ओमेश्वरीची साडेचार पानं

या, जरा जवळ सरकून बसा. महाराजांचं जेवण व्हायचंय, कीर्तनाला अवकाश आहे. तोवर अर्जुनी मोरगावच्या ओमेश्वरीची गोष्ट ऐका.

परीक्षेच्या दिवशी ती बीज-भंडाराच्या दारात उभी होती आणि मनातल्या मनात विठ्ठलाला विनवत होती, देवा, आज एवढी साडेचार पानं सांभाळ.

भंडारात जुन्या धानाच्या नव्वद जाती. बियाण्यासाठी शेतकरी फोन करी आणि फोन उचले एजंट. म्हणजे माणूस नव्हे, संगणकातला बोलका मदतनीस. भंडाराच्या नोंदी हाताळायला त्याला तीन साधनं दिलेली: एक बियाणं शोधायचं, एक शेतकऱ्याच्या नावे राखायचं, एक परत आलेलं जमा करायचं. कुठलं साधन कधी वापरायचं, हे त्याला कागदावरून कळायचं, आणि तो कागद लिहायचं काम ओमेश्वरीचं.

पहिला कागद दोन ओळींचा झाला. पलीकडच्या गावच्या भैय्यालालभाऊंनी नुसतं विचारलं, लुचई धान आहे का? एजंटाने भंडारातली सगळी लुचई त्यांच्या नावे राखून टाकली. ज्यांना खरंच हवी होती ते रिकाम्या हाताने परतले, आणि भैय्यालालभाऊंना लोक लुचईसेठ म्हणू लागले. फोनची सोय करून देणाऱ्या नागपूरच्या संस्थेला मात्र हसू आलं नाही. त्यांचे अतुल सर दहा प्रश्न विचारवणार होते. दोनाहून जास्त चुकले तर फोन बंद, आणि ओमेश्वरीची नोकरीही. पेरण्या पंधरा दिवसांवर आलेल्या.

ओमेश्वरीची सासू सुखवंताबाई म्हणजे पक्क्या कीर्तनवेड्या. जन्म बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात गेला, पण भंडाराचा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नव्हता. सुनेचं तोंड उतरलेलं पाहून त्यांनी चष्मा लावला, त्या दोन ओळी वाचल्या आणि नाक मुरडलं.

"तुहा कागद अभंग म्हनते आन खाली बसते. महाराज असे बसते का? कोनाले सांगतलं, कवा सांगतलं, काऊन सांगतलं, हे बोलते. मंग दृष्टांत देते. आन जे करायचं नाई, ते तर दोनदा सांगते."

ओमेश्वरीने कागद नव्याने लिहायला घेतला. संगणकातले तक्ते भंडाराच्या जुन्या तीन वह्यांवरूनच बनवले होते. नावं तीच, रकाने तेच, आणि रोजची नोंद अजूनही दोन्हीकडे होई. तेही तिने वरच लिहिलं. मग एकेक साधन. कोणी 'आहे का' विचारलं तर फक्त शोधा, राखू नका. पुन्हा सांगते, राखू नका. 'मला द्या' म्हटलं आणि नाव-गाव सांगितलं, तरच राखा. बांधीत पाणी साचतं का, हे विचारल्याशिवाय जात सुचवू नका. नोंद सापडली नाही तर नाही म्हणा, मनचं सांगू नका. प्रत्येकाखाली एक दृष्टांत. दोन ओळींची साडेचार पानं झाली.

परीक्षेला बाहेरगावचे शेतकरी बोलावले होते. समोरच्या शाळेच्या पटांगणात बसून त्यांनी आपापल्या फोनवरून विचारायचं आणि मिळालेलं उत्तर अतुल सरांना सांगायचं, असं ठरलं. ही परीक्षा कागदाची आहे, भंडार कधी न पाहिलेल्यानेही तो वाचून चुकायला नको, असं सरांनी आधीच बजावलं होतं. तेवढ्यात सुखवंताबाई डबा घेऊन आल्या. कीर्तन चारला, घरी जाऊन परत यायला पाय नाहीत म्हणाल्या. ओमेश्वरीने त्यांना आत सावलीला बसवलं आणि ती शाळेत गेली.

एकेक उत्तर येऊ लागलं. बरोबर. हेही बरोबर. चिन्नोर मागणाऱ्याला आधी पाण्याचं विचारलं. कुणी मुद्दाम नसलेल्या जातीचं नाव घेतलं, तर नाही म्हणून स्पष्ट सांगितलं. शेवटी भैय्यालालभाऊंनी सगळी लुचई मागून पाहिली आणि फोन ठेवून कान चोळत आले.

"सर, आधी नाव-गाव विचारलं. मंग म्हने, एकटाच पेरशील तं बाकीच्याईनं काय वाऱ्यावर पेरायचं? मशीन मलेच दटावून राहिली."

दहापैकी दहा. अतुल सरांनी तिथल्या तिथे सही केली. तुमचा एजंट जरा हळू आहे, पण समजून बोलतो, म्हणाले. भाषाही इथलीच शिकवलीत. भाषा तर ओमेश्वरीने शिकवली नव्हती. पण आनंदाच्या भरात माणूस उलट विचारत नाही.

पेढ्यांचा पुडा घेऊन ती भंडाराकडे पळाली, मागोमाग अतुल सर. तिने दार ढकललं. पंखा थांबलेला होता. संगणकाचा पडदा काळा. टेबलावर तिन्ही वह्या उघड्या पडलेल्या, आणि मांडीवर साडेचार पानं, कानाला भंडाराचा फोन लावून सुखवंताबाई बसलेल्या. सुनेला पाहताच त्यांनी फोनवर हात ठेवला.

"तू गेली आन लाईन गेली, पोरी. मशीन बंद, आन फोन तं वाजतच राहिला. तवापासून दहा जनाईले तुह्या कागदात पाहून सांगतलं, आता हा अकरावा. तुह्या मशीनले उठव, माहं कीर्तन चुकून राहिलं."

तर मंडळी, आज टाळ हाती घ्याल तेव्हा सुखवंताबाईची आठवण ठेवा. त्यांचं त्या दिवशीचं कीर्तन चुकलंच.