घराची खूण

"जुनं जीपीएस घेता तं घ्या, ताई. पण आधीच्या मालकाचा माग पुसल्याबिगर त्यात घराची खूण टाकू नका," दुकानदार बंडूजींनी बजावलं होतं.

"माग काय पायी चालत घरी येतो, बंडूजी?" म्हणत वेदश्री हसली होती आणि माग न पुसताच तिनं घराची खूण टाकली होती.

तान्ह्या गुंजनला समुद्रपूरला घरी सासूबाईंजवळ ठेवून ती बाळंतपणानंतर पहिल्यांदाच डोंगर चढली. माथ्यावर तिनं ते जीपीएस सुरू केलं. जुन्या मालकाची ठिपक्यांची रेघ इथवर येऊन संपली होती. परतीची रेघ नव्हतीच.

वेदश्री जागची हलली नाही, तरी पडद्यावर तिच्या जागेपासून नवा ठिपका उमटला. मग दुसरा. रेघ डोंगर उतरली, रस्त्याला लागली आणि 'घर' लिहिलेल्या खुणेवर थांबली.

तिनं घाईनं फोन लावला.

"काऊन फोन करून राह्यली वं?" सासूबाई म्हणाल्या. "आत्ताच तं आली न तू! बूटही न काढता गुंजनले घेऊन आत गेली. दार काऊन लावलं?"

फोन कटला.

पडद्यावर रेघ परत डोंगराकडे निघाली होती. आता ठिपके जोडीनं उमटत होते, एक मोठा, एक अगदी लहान.

तिनं कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं, "मी अजून डोंगरावरच आहे. हे वाचणाऱ्या कुणीही आधी आमच्या घरी जा. गुंजन पाळण्यात आहे का, तेवढं बघा."