गार्डचा दिवा

"आण्णा, या स्पाइक गार्डचा दिवा विझलाय. करंट येतोय, पण एकदम जास्त आला तर हा आता अडवायचा न्हाई. जुन्नरहून नवा आणा," डेअरीत दुधाचं फॅट मोजणारी प्रतिभा चेअरमनना म्हणाली.

"मशीन चालतंय ना? मग झालं."

दसऱ्याला चेअरमननी मशीनला झेंडूचा हार घातला, तेव्हा ती पुन्हा म्हणाली, "आण्णा, जळंल बरं का मशीन."

"सणासुदीचं अभद्र बोलू नको."

दिवाळीच्या तोंडावर गेलेली लाइट दणक्यात परत आली आणि मशीन जळालं. मीटिंगमध्ये चेअरमन सगळ्यांना म्हणाले, "मशीन जळणार हे हिलाच आधी कसं ठावं व्हतं, तेवढं इचारा."

विचारलं कुणीच नाही. प्रतिभाला मात्र घरी बसवलं.

नवं मशीन आलं, ते त्याच जुन्या गार्डला जोडलं. प्रतिभाच्या जागी गावातलीच वृषाली आली. पहिल्याच दिवशी चेअरमननी विचारलं, "समदं ठीक हाय ना, पोरी?"

वृषालीनं विझलेल्या दिव्याकडं पाहिलं.

"व्हय आण्णा. समदं ठीक हाय."