नोंदीपुरतं नाव

"सैनिकांनी नेलेल्या मुलाचं नाव सांगा," आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. दुभाष्यानं ते पुन्हा तिच्या भाषेत सांगितलं. म्हातारीनं पुन्हा नकारार्थी मान हलवली.

तिच्या मुलखात माती न दिलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. घेतलं, तर हाक आली म्हणून तो उठतो आणि घर शोधत भटकत बसतो. न्यायालयाची रीत नेमकी उलटी. नाव नाही म्हणजे मुलगाच नाही, आणि नसलेल्या मुलाला मारणार कोण?

"आजी, सांगून टाका ना," दुभाषा काकुळतीला आला. "नाहीतर तुमच्या मुलाला खटल्यातून वगळतील."

"वगळू देत. मला नुसती त्याला माती द्यायचीय."

आरोपीच्या पिंजऱ्यात काचेमागं बसलेल्या जनरलला या सगळ्याचा कंटाळा आला असावा. आपण म्हातारीच्या गावात कधी पाऊलही टाकलं नाही, असं त्यानं सकाळीच शपथेवर सांगितलं होतं. तो माइकपाशी वाकला. "ओरान. घ्या लिहून. 'आई मला ओरू म्हणते,' असं सांगत होता. फार बडबड्या पोरगा."

कारकुनानं सुटकेचा निःश्वास टाकून नाव तेवढं टिपलं.

म्हातारी मात्र ताडकन उठली. इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदाच माहितगार माणूस भेटला होता. तिनं जनरलपुढे हात जोडले. "साहेब, कुठं ठेवलंत हो त्याला?"

"साक्षीदारानं आरोपीला प्रश्न विचारायचे नसतात, बाई," न्यायाधीशांनी समज दिली. मग सहकार्याबद्दल जनरलचे आभार मानून न्यायालय जेवायला उठलं.