मोडलेली शिडी

ज्या पोरांना आम्ही घरात ठेवून खाऊ घातलं, त्यांचा आइस हॉकी संघ मालकानं शहरात पळवला आणि आता रिंकच्या छताला टांगलेला अजिंक्यपदाचा झेंडाही न्यायला आला. "संघ माझा, म्हणजे इतिहासही माझाच," तो म्हणाला. "मेल्या, आम्ही बायकांनी चर्चच्या तळघरात बसून शिवलाय तो!" मी ओरडले. तेवढी उंच शिडी गावात फक्त बंबवाल्या ओरेस्टकडे होती. "मोडलीय, साहेब," तो छताकडे बघत म्हणाला. हरामखोर मालकानं शहरातून क्रेन मागवली, झेंडा उतरवून बर्फावर पसरला. वर संघाचं नाव, खाली आमच्या गावाचं. त्यानं खिशातून चाकू काढून गावाचं नाव टरकन फाडलं आणि ती पट्टी माझ्या पायाशी फेकली. "घ्या मावशी, तुमचा इतिहास." त्याची गाडी दिसेनाशी होताच पट्टी उचलून ओरेस्ट गरजला, "आणा रे शिडी! गाव वर चढवायचंय."