आधी घरचा ओटा

लष्कर मोहल्ल्यातल्या त्या गल्लीत प्रत्येकाने गटारावर ओटा बांधला होता, आणि तुंबलेलं पाणी प्रत्येकाच्याच घरात शिरत होतं. महापालिकेच्या निवडणुकीला उभी राहिलेली वनजा कोपऱ्यावरच्या सभेत म्हणाली, "निवडून आले तर वर्षभरात सगळं गटार मोकळं करते. नाही केलं, तर राजीनामा देते."

"नोडम्मा, हे बघ बाई, आधी सासऱ्याच्या दुकानापुढचा ओटा तोड, मग बोल!" शेजारचे गंगाधरराव ओरडले. लोक खदखदून हसले. कुणीतरी शिट्टी मारली.

वनजा तडक घरी गेली आणि पहार घेऊन दुकानापुढच्या ओट्याला भिडली. सासरे आडवे आले. "माझ्या पोटावर पाय देतेस? पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस!" ती थांबली नाही. ओटा फुटला आणि खालचं काळं पाणी वाहतं झालं. सगळी गल्ली बघत होती.

त्या दिवसापासून मतं मागायला गेली तर तिला कुणी दारात उभं करेना. शेवटी तिने गंगाधररावांनाच गाठलं. "काका, तुम्ही म्हणालात तेच केलं ना मी?"

"म्हणून तर भीती वाटते, बाई," दार लावत ते म्हणाले. "तू बोलतेस ते खरंच करतेस."