जागा धरलीय

नऊ वर्षं आमच्या हॉकी संघाचा प्रत्येक पराभव मी याच सिमेंटच्या पायरीवर बसून पाहिला. सोबतीला फक्त वॉचमन.

यंदा संघ चुकून उपांत्य फेरीत पोचला, तर माझ्या पायरीवर कुणाचातरी रुमाल!

"जागा धरलीय, काका," गाल रंगवलेला एक गृहस्थ म्हणाला. "आम्ही जन्मापासूनचे फॅन. बरं, आपले कुठले? निळे की पिवळे?"

सामना उभ्यानं पाहिला, जिंकलो. अंतिम सामनाही उभ्यानंच पाहिला, सात-शून्यानं हरलो.

नव्या मोसमात स्टेडियम पुन्हा ओस. जन्मापासूनचे फॅन आता कबड्डीच्या मैदानावर नव्यानं जन्मले होते.

मी आल्या आल्या पायरीवर रुमाल टाकला.

"साहेब, कोण येतंय इथं?" वॉचमन हसला.

"असं कसं? पोरं यंदाही जिंकली, तर मी बसायचं कुठं?"